प्रबोधनकार ठाकरे आणि उपहासाची कला

विद्यार्थी मित्रहो, गुरुजी वर्गात येण्यापूर्वी फळ्यावर एखादे लांबलचक नाक, त्यावर टेकलेला भला मोठा चष्मा आणि वर उभी राहिलेली शेंडी काढून ठेवण्याचा उद्योग कोणत्या शाळेत होत नाही ? चित्र पाहताच सारा वर्ग हसतो. हे कोणाचे चित्र, हे कोणी विचारीत नाही, कारण ते सर्वांस तत्काळ कळलेले असते. पुढे गुरुजी येतात, फळा पुसला जातो आणि चित्रकारास यथायोग्य प्रसाद मिळतो. वडील माणसे म्हणतात, दुसऱ्याची टवाळी करणे हे असंस्कृतपणाचे लक्षण होय. हे म्हणणे खोटे नव्हे. तथापि हीच कला थोर माणसांच्या हाती आली असता तिने राजांची सिंहासने हलविली आहेत व जुन्या दुष्ट रूढींची पाळेमुळे खणून काढली आहेत, हेही तितकेच खरे आहे. तर मग टवाळी कोठे संपते आणि सत्कार्य कोठे सुरू होते ? या प्रश्नाचे उत्तर एखाद्या व्याख्येपेक्षा एखाद्या चरित्रात अधिक स्पष्टपणे सापडते, आणि सुदैवाने असे एक चरित्र आपल्या पनवेल गावातच जन्मास आले आहे. ते चरित्र म्हणजे कै. केशव सीताराम ठाकरे, ज्यांना सारा महाराष्ट्र प्रबोधनकार या नावाने ओळखतो, त्यांचे होय.

चरित्राकडे वळण्यापूर्वी ज्या कलेविषयी बोलावयाचे तिची ओळख करून घेणे इष्ट आहे. युरोपातील भाषांत तिला कॅरिकेचर म्हणतात. हा शब्द मूळचा इटलीतील असून त्याच्या धातूचा अर्थ ओझे लादणे किंवा भार भरणे असा आहे. सन १६०० च्या सुमारास इटलीतील बोलोन्या शहरच्या आनिबाले काराची नामक नामांकित चित्रकाराने गंमत म्हणून अशी चित्रे काढिली व तेव्हापासून या प्रकारास कलेच्या दरबारात जागा मिळाली, असे मानितात. गाडीत क्षमतेहून जास्त माल भरला म्हणजे गाडीचा जो भाग कमकुवत असेल तोच आधी करकरू लागतो. त्याचप्रमाणे चेहऱ्यावरील वा स्वभावातील एखाद्या विशेषावर चित्रकार भार वाढवितो, आणि जे एरवी नजरेतून सुटले असते ते डोळ्यांत भरते.

मराठीत आपण यास व्यंगचित्र म्हणतो. व्यंग म्हणजे उणीव किंवा दोष. परंतु याच्या शेजारी बसणारा आणखी एक शब्द आपल्या साहित्यशास्त्रात आहे, तो म्हणजे व्यंग्य. शब्दांत उघड न सांगता सूचित केलेला अर्थ तो व्यंग्य. चांगल्या व्यंगचित्रात हे दोन्ही असावे लागतात : दाखविलेला दोष आणि त्यातून सुचविलेला अर्थ. ज्यात दोषच तेवढा आहे व अर्थ काही नाही, ती नुसती टवाळी. भाषेतही हीच कला आहे. अतिशयोक्ती, व्याजस्तुती व विडंबन ही तिची हत्यारे. चित्रकार रेषा लांबवितो, लेखक वाक्य लांबवितो. एक नाक फुगवितो, तर दुसरा एखाद्या माणसाचे म्हणणे त्याच्याच तर्काने इतके पुढे नेतो की त्यातील वेडेपणा आपोआप उघडा पडावा.

हे हत्यार किती धारदार आहे याचा एक दाखला फ्रान्सच्या इतिहासात आहे. तेथे ओनोरे दोमिये नावाचा एक चित्रकार होऊन गेला. त्याने १८३१ साली राजा लुई फिलिप यास, गोरगरिबांची मिळकत गिळणाऱ्या एका राक्षसाच्या रूपात दाखविले. पुढच्याच वर्षी या एका चित्रापायी त्यास तुरुंगाची हवा खावी लागली. फौज बाळगणारा राजा कागदाच्या एका तुकड्यास भ्याला, तो त्यातील अर्थ प्रजेस पटला होता म्हणूनच. इंग्लंडात १८४१ साली ‘पंच’ नावाचे विनोदी साप्ताहिक निघाले व त्याच्या अनुकरणाने आपल्याकडेही मुंबईस ‘पारसी पंच’, लखनौस ‘अवध पंच’ आणि आपल्या शेजारच्या ठाण्यास ‘हिंदु पंच’ अशी पत्रे निघाली. मात्र महाराष्ट्रास ही कला त्यापूर्वी ठाऊक नव्हती असे समजू नये. गावोगाव फिरणारा बहुरूपी, तमाशातील सोंगाड्या, कोकणातील दशावतारात येणारा संकासूर हे सर्व तिचेच उपासक. संत एकनाथांनी तर भारुडांत नाना प्रकारची सोंगे घेऊन लोकांस हसविता हसविता त्यांच्या अंगचे दोष त्यांच्या पदरात घातले. या परंपरेतच आपल्या चरित्रनायकाचे स्थान आहे.

केशवराव यांचा जन्म ता. १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभु कुटुंबात झाला. त्या काळी पनवेल हे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, एक व्यापारी गाव होते. आगगाडी येथे आली नव्हती. खाडीतून गलबतांची ये-जा चाले आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून बैलगाड्यांच्या रांगा लागत. गाड्यांची चाके बनविण्याचा येथील धंदा दूरवर प्रसिद्ध होता. अशा गावात नाना जातींची, नाना बोलींची माणसे जमतात, आणि ज्याला पाहण्याची दृष्टी आहे त्यास माणसांचे नमुने न्याहाळावयास याहून चांगली शाळा सापडावयाची नाही.

बालपणी त्यांच्यावर सर्वांत खोल संस्कार झाला तो त्यांच्या आजीचा. घरात तिला बय म्हणत. ती सुईणीचे काम करी आणि अडल्या-नडल्या बाईच्या हाकेस जातपात न पाहता धावून जाई. या बयची एक गोष्ट सांगतात. लहानगा केशव शाळेतून घरी येत असता, अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका मनुष्याची सावली त्याच्या अंगावर पडली. बरोबरच्या मंडळींनी मुलगा विटाळला असा ओरडा केला. बयने वादविवाद घातला नाही, की शास्त्राचा आधार शोधला नाही. तिने तेथीलच एका ब्राह्मण मुलास जवळ ओढले, त्याची सावली आपल्या नातवावर पाडली, आणि सावलीने जात जात असेल तर सावलीने जात येतही असली पाहिजे, तेव्हा आता माझा नातू ब्राह्मण झाला, असे सर्वांस सांगून टाकले.

मुलांनो, या लहानशा प्रसंगाकडे नीट पहा. बयने समोरच्यांचे म्हणणे खोडून काढले नाही. उलट ते मान्य केले, आणि मान्य करून एक पाऊल पुढे नेले. त्याबरोबर त्यातील खुळेपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. भाषेतील व्यंगचित्र म्हणतात ते हेच. यात कोणास शिवी नाही, कोणाच्या शरीरावरील दोषास हात घातलेला नाही. ज्या ब्राह्मण मुलाची सावली घेतली त्याचाही अपमान नाही. उपहास झाला तो फक्त एका खोट्या समजुतीचा. केशवरावांनी पुढे पन्नास-साठ वर्षे लेखणीने व वाणीने जे केले त्याचा पहिला धडा त्यांनी घराच्या अंगणातच गिरविला होता.

दुसरा धडा त्यांस पनवेलीतच लेखनाच्या बाबतीत मिळाला. ‘केरळकोकिळ’ या त्या काळी गाजलेल्या मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे वास्तव्य पनवेलीस होते. हे मासिक १८८६ साली दूर कोचीनहून निघू लागले होते व त्यातील पुस्तकपरीक्षणांचा मोठा दरारा असे. अशा संपादकाचा सहवास लाभल्यामुळे, छापील शब्द किती तोलून वापरावा लागतो व टीकेस किती अभ्यास लागतो, हे या मुलास लहान वयातच कळले. आठल्ये यांस ते आपले लेखनगुरू मानीत. शाळेत असतानाच केशवरावांनी ‘विद्यार्थी’ नावाचे एक छोटेसे पत्र स्वतःच्या खटपटीने काढिले होते. वार्षिक अंकासाठी एक निबंध लिहिताना ज्यांच्या कपाळास घाम येतो त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र दैव त्यांस अनुकूल नव्हते. पनवेल, कल्याण, बारामती आणि थेट माळव्यातील देवास अशा ठिकाणी त्यांस शाळा बदलाव्या लागल्या. याच सुमारास वडील प्लेगला बळी पडले आणि संसाराचा भार कोवळ्या खांद्यांवर आला. मॅट्रिकची परीक्षा त्यांच्या हातून पार पडली नाही. पुढे पोटासाठी त्यांनी काय केले नाही ? दुकानांच्या पाट्या रंगविल्या, रबरी शिक्के तयार केले, पुस्तके बांधिली, भिंती रंगविल्या, छायाचित्रे काढिली, नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले, विम्याची कामे केली. अखेर मुंबईस सरकारी बांधकाम खात्यात त्यांस कारकुनीची नोकरी मिळाली.

या धडपडीत त्यांच्या हातास लागलेली रंगाची व कुंचल्याची सवय आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्याने माणसाचे हुबेहूब चित्र काढण्यासाठी तासन् तास डोळे ताणले आहेत, दोन भुवयांतील अंतर व हनुवटीचा कोन मोजला आहे, त्यालाच त्यातील कोणती रेषा लांबविली असता माणूस ओळखू येईल आणि कोणती लांबविली असता तो भलताच कोणी होईल, हे कळते. व्यंगचित्रकार प्रमाण मोडतो, परंतु प्रमाण ठाऊक असल्यावाचून ते मोडता येत नाही. ज्यास माप घेता येत नाही त्याचे चित्र विनोदी होत नसून केवळ चुकलेले असते. भाषेतही असेच आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे काय आहे हे ज्याने समजून घेतलेले नाही, त्याचा उपहास हवेत मारलेल्या काठीप्रमाणे फुकट जातो.

त्यांच्या नावाविषयीही एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इंग्रजीत आपले आडनाव लिहिताना केशवराव जी अक्षरे योजीत ती इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याच्या नावाची होती, व ती त्यांनी त्या ग्रंथकाराविषयीच्या आदरामुळे स्वीकारली, असे सांगतात. हा थॅकरे १८११ साली आपल्याच देशात, कलकत्त्यास, जन्मला. त्याने प्रथम चित्रकार होण्याचे ठरवून पॅरिस येथे अभ्यास केला. डिकन्सच्या एका पुस्तकास चित्रे काढून देण्याची तयारी त्याने दाखविली, ती नाकारली गेली. पुढे तो लेखणीकडे वळला. ‘पंच’ पत्रात त्याने इंग्लंडातील दांभिक व बडेजावी लोकांची एकामागून एक शब्दचित्रे रेखाटली आणि ‘व्हॅनिटी फेअर’ या आपल्या सुप्रसिद्ध कादंबरीतील चित्रे स्वतःच काढिली. चित्रातील व शब्दांतील उपहास एकाच हातातून कसा उतरतो याचे हे उत्तम उदाहरण होय. पनवेलच्या एका गरीब मुलास सातासमुद्रांपलीकडील या माणसाशी आपले नाते जोडावेसे वाटले, यात नवल नाही.

मुंबईस स्थिरावल्यावर केशवरावांची लेखणी जोराने चालू लागली. १९१८ च्या सुमारास त्यांनी ‘वक्तृत्वशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. सभेत कसे उभे राहावे, आवाज कसा राखावा, श्रोत्यांचे मन कसे ओळखावे, या गोष्टींचा पद्धतशीर विचार मराठीत करणारा हा आरंभीचा ग्रंथ होय. त्याच सुमारास प्रसिद्ध इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी कायस्थ प्रभु समाजाच्या इतिहासाविषयी प्रतिकूल लेखन केले असता, केशवरावांनी ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्यास उत्तर दिले. राजवाडे म्हणजे मूळ कागदपत्रे गोळा करण्यात ज्यांनी जन्म घालविला असे विद्वान. त्यांस नुसत्या शिव्यांनी उत्तर देता येणे शक्य नव्हते. केशवरावांनी ऐतिहासिक आधार शोधले व त्यांवर आपल्या तिखट शब्दांची मांडणी केली. म्हणजे येथेही आधी माप व मग रेषा, हाच क्रम दिसतो.

यानंतरची त्यांची एक कामगिरी तर कागदावर न लिहिता रस्त्यावरच लिहिली गेली. त्या काळी हुंड्याच्या रूढीने पांढरपेशा समाजात थैमान घातले होते. मुलीचे लग्न म्हणजे बापाच्या गळ्यास फास, अशी स्थिती होती. केशवरावांनी या विषयावर ‘कुमारिकांचे शाप’ ही पुस्तिका लिहिली, आणि आपल्या भोवती जमलेल्या तरुणांस हाताशी धरून हुंड्याविरुद्ध मोहीम उघडली. जेथे हुंडा घेऊन लग्न होत असेल तेथे जाऊन हे तरुण हुंडा परत करावयास सांगत. वरपक्षाने ऐकले नाही तर लग्नाच्या वरातीबरोबर गाढवाचीही वरात काढीत.

हसू येते ना ? त्या काळच्या लोकांसही आले, आणि वरपित्यास घाम फुटला. या गाढवाने न बोलता काय सांगितले ते पहा. जो तरुण शिकलासवरलेला असून आपली किंमत रुपयांत ठरवून घेतो, तो बाजारात विकावयास आणलेल्या जनावराहून वेगळा कसा ? हे वाक्य व्याख्यानात उच्चारले असते तर दहा माणसांनी माना डोलविल्या असत्या व घरी जाऊन हुंडा घेतला असता. गाढव मात्र कोणास विसरता आले नाही. बयने सावलीच्या बाबतीत जे केले तेच तिच्या नातवाने वरातीच्या बाबतीत केले : समोरच्यांच्याच कृतीचा अर्थ थोडा मोठा करून त्यांच्यापुढे उभा केला.

परंतु उपहास करणारास उपहासाचा व त्याहूनही वाईट गोष्टींचा मार सोसावा लागतो. जातिभेद, भिक्षुकशाही आणि धर्माच्या नावाने चालणारा ढोंगीपणा यांवर केशवरावांनी जसजसे प्रखर लेखन केले, तसतसे त्यांचे शत्रू वाढत गेले. एकदा तर विरोधकांनी त्यांच्या दारासमोर मेलेले गाढव आणून टाकले, असे सांगतात. पाहा, प्राणी तोच. परंतु दोन कृत्यांत केवढे अंतर! वरातीतल्या जिवंत गाढवात अर्थ होता, पाहणारास विचार करावयास लावण्याची शक्ती होती, आणि चूक सुधारण्यास वाट मोकळी ठेवलेली होती; हुंडा परत केला की गाढव निघून जात असे. दारातल्या मेलेल्या गाढवात दुर्गंधीखेरीज काही नव्हते. उपहास आणि अपमान यांतील भेद याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही.

ता. १६ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांनी मुंबईस ‘प्रबोधन’ हे पाक्षिक सुरू केले. सरकारी नोकरीत असतानाच हे पत्र निघाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी पत्रासच वाहून घेतले. प्रबोधन म्हणजे झोपलेल्यास जागे करणे. झोपलेल्या माणसास हलवून उठविले तर तो चिडतो, परंतु हसविले तर डोळे चोळीत का होईना उठून बसतो. मुंबईहून साताऱ्यास आणि साताऱ्याहून पुण्यास असा या पत्राचा प्रवास झाला. पैशाची चणचण, छापखान्याच्या अडचणी, विरोधकांचा त्रास यांतून मधूनमधून खंड पडत ते १९३० च्या सुमारापर्यंत चालले. दहाएक वर्षांच्या या पत्राने आपल्या संपादकास असे नाव मिळवून दिले की लोक त्यांचे मूळ नाव विसरले व ते कायमचे प्रबोधनकार झाले.

त्यांच्या भाषेचे वैशिष्ट्य असे की ती संस्कृत पंडिताची नव्हे आणि नुसती बाजारीही नव्हे. बाजारपेठेतील म्हण, बायकांच्या तोंडचा वाक्प्रचार, कीर्तनकाराची लकब आणि इतिहासाचा दाखला या सर्वांस ते एकाच वाक्यात बसवीत. नवे समास घडविण्याची त्यांस हौस होती. भिक्षुकशाही हा शब्द त्यांच्या लेखणीने घरोघर पोचविला. राजेशाही किंवा नोकरशाही यांच्या रांगेत भिक्षुक हा शब्द बसविताच, पूजापाठ करून पोट भरणारा एक वर्ग आपल्यावर कसे राज्य करीत आहे, हे चित्र वाचकाच्या मनात उभे राही. एका शब्दात व्यंगचित्र काढावयाचे ते असे.

१९३३ च्या सुमारास त्यांनी ‘खरा ब्राह्मण’ हे नाटक लिहिले. त्याचे नायक संत एकनाथ आहेत. भुकेल्या अस्पृश्यास घरात घेऊन जेवू घालणारे आणि रस्त्यात रडणारे त्यांचे मूल कडेवर घेणारे नाथ हेच खरे ब्राह्मण, असा नाटकाचा आशय नावातच आला आहे. ज्या लेखकावर ब्राह्मणद्वेष्टा असा आरोप सदैव केला गेला, त्याने आपल्या आदर्श पुरुषाच्या रूपाने एका ब्राह्मण संतासच रंगभूमीवर आणिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्यानंतर १९५२ साली त्यांनी गाडगेबाबांचे चरित्र लिहिले. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे आणि कीर्तनात श्रोत्यांस साधे साधे प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून त्यांच्या अंधश्रद्धेची कबुली घेणारे गाडगेबाबा त्यांस अत्यंत प्रिय असावेत, हे स्वाभाविक आहे. एकनाथ, गाडगेबाबा आणि घरची बय ही तिन्ही माणसे एकाच पाठशाळेतील होती. त्यांच्या हसण्याच्या मुळाशी करुणा होती.

उतारवयात, सत्तरी ओलांडल्यावरही, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी लेखणी व वाणी झिजविली. त्यांचे चिरंजीव बाळ व श्रीकांत हे दोघेही व्यंगचित्रकार झाले. वडिलांनी जे शब्दांनी केले ते मुलांनी रेषांनी केले, असे म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये या बंधूंनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्रांस वाहिलेले मराठी साप्ताहिक काढिले. त्याचे नाव वडिलांनीच सुचविले होते. या नावातही अर्थ भरलेला आहे. मर्म जाणणारा तो मार्मिक. मर्म म्हणजे शरीरातील नाजूक स्थान आणि मर्म म्हणजे एखाद्या गोष्टीचे सार. बाण कोठे मारावयाचा हे ज्यास कळते त्यासच तो कोठे मारू नये हेही कळले पाहिजे. ‘माझी जीवनगाथा’ हे आपले आत्मचरित्र मागे ठेवून प्रबोधनकार ता. २० नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबई येथे निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय ८८ वर्षांचे होते.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे हे चरित्रनायकासही आवडले नसते. प्रबोधनकारांच्या लेखणीचा तोल सर्वकाळ राहिला असे म्हणता येणार नाही. वादाच्या भरात कित्येकदा रागाची मात्रा हास्याहून अधिक झाली आणि एका रूढीवर सोडलेला बाण सबंध समाजास लागला. त्यांच्या काही जातिविषयक पुस्तकांतील भाषा आज वाचताना खटकते. त्या काळचे वाद दोन्ही बाजूंनी अशाच भाषेत चालत, हे खरे. परंतु काळाचे कारण दाखवून दोष गुण होत नाही. ज्या ज्या ठिकाणी त्यांनी बयचा धडा स्मरला, त्या ठिकाणचे त्यांचे लेखन आजही ताजे वाटते. जेथे तो विसरला गेला, तेथील लेखन त्या भांडणाबरोबरच जुने झाले. उपहासाच्या कलेत चुकीची शिक्षा अशी वेळेवर मिळत असते.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. फळ्यावरील चित्र हे पाप की कला ? या चरित्रावरून त्यास तीन कसोट्या लाविता येतील. पहिली कसोटी, ज्याचा उपहास करावयाचा तो दोष त्या माणसाने स्वतः जोडलेला आहे काय ? नाक, रंग, तोतरेपणा, लंगडेपणा, गरिबी, बापाचा धंदा या गोष्टी कोणी स्वतः निवडीत नाही. त्यांवर हसणारा मनुष्य विनोदी नव्हे, क्रूर होय. लोभ, दंभ, आळस, बडेजाव या गोष्टी मात्र माणूस हौसेने अंगी बाणवितो व मनात आणील तर टाकूही शकतो; उपहासाचे खरे क्षेत्र ते. दुसरी कसोटी, ज्यावर हसावयाचे तो आपल्याहून बलवान आहे की दुबळा ? दोमियेने राजावर चित्र काढिले, प्रबोधनकार रूढीवर तुटून पडले. दोघांनीही त्याची किंमत मोजली. वर्गातील सर्वांत भित्र्या मुलास टोपणनाव ठेवणाराने काय किंमत मोजली ? तिसरी कसोटी, आपण जे मोठे करून दाखवितो ते मुळात तेथे आहे काय ? राईचा पर्वत करण्यास हरकत नाही, परंतु राई तरी असली पाहिजे. नसलेल्या दोषाचे चित्र काढणे म्हणजे चित्रांत लिहिलेली चहाडीच होय.

पालकवर्गासही येथे एक विनंती करावीशी वाटते. आपला मुलगा वहीच्या मागच्या पानावर वेडीवाकडी तोंडे काढितो किंवा पाहुण्यांच्या चालण्या-बोलण्याची हुबेहूब नक्कल करितो, हे दिसताच त्याच्या पाठीत धपाटा घालू नये. त्या पानावर पाहण्याची शक्ती आहे, आणि ती सर्वांस मिळत नाही. त्याने कोणाचे चित्र काढिले आणि का काढिले, एवढे त्यास शांतपणे विचारावे. उत्तर देताना त्यास लाज वाटली, तर पुढील चित्र तो स्वतःच विचार करून काढील. बयने नातवास हसावयास शिकविले, परंतु कशावर हसावे हेही त्याच क्षणी शिकविले.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस इतकेच सांगणे आहे की, आपले स्वतःचेही एक व्यंगचित्र अधूनमधून मनात काढून पहावे. आपल्यातील कोणती रेषा लांबविली असता लोक आपणांस तत्काळ ओळखतील, हे ज्यास प्रामाणिकपणे कळले, त्यास इतरांवर हसण्याचा अधिकार थोडाबहुत प्राप्त झाला असे समजावे. पनवेलच्या या सुपुत्राने शाळेची मोठी परीक्षा दिली नाही, परंतु सावलीचा तो लहानसा धडा जन्मभर गिरविला. तो धडा आपल्या वाट्यासही आला आहे. तो कसा गिरवावयाचा हे ज्याचे त्याने ठरवावे.